ब्रिटनीचा काळा-पांढरा झेंडा: नेमका कसा काढायचा आणि तो 'अधिकृत' आहे का?

शाईपेन

फ्रेंच शिकणाऱ्या मुलांसाठी फ्रान्सच्या प्रदेशांचं एक छोटं प्रदर्शन होणार आहे. ब्रिटनीच्या दालनासाठी तीन गोष्टी करायच्या आहेत: कापडाचा खराखुरा झेंडा (उंची ९० सेंमी), एक छापील तक्ता आणि वेबपानावर नावाशेजारी बसेल असं इवलंसं चित्र.

अडचण अशी की जालावर या झेंड्याची प्रत्येक चित्रफाईल वेगळी दिसते. कोपऱ्यातली ती काळी चिन्हं कुठे अकरा, कुठे आठ-नऊ. एकात वरचा पट्टा काळा, दुसऱ्यात पांढरा. मग प्रश्न असे:

बरोबर नमुना कोणता? सरकारने तो कुठे ठरवून दिला आहे का? झेंडा आणि प्रादेशिक परिषदेचा लोगो यांतलं तक्त्यावर काय लावावं? आणि नान्त शहर ब्रिटनीत धरायचं की नाही?

ज्यांनी या विषयात खोलवर पाहिलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

काठीकडचा

पट्ट्यांचं आधी सांगतो, कारण त्यात दुमत नाही. नऊ आडवे पट्टे, पाच काळे, चार पांढरे. वरून पहिला काळा आणि खालून पहिलाही काळाच. वरचा पट्टा पांढरा असलेलं चित्र दिसलं की ती फाईल सरळ बाजूला ठेवा.

काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन असतो आणि त्यात काळी चिन्हं. हा चौकोन वरच्या चार पट्ट्यांच्या उंचीएवढा. म्हणजे पाचवा काळा पट्टा चौकोनाच्या खालून पूर्ण लांबीने जातो. हे लक्षात ठेवायला कारण आहे: चौकोन तीन किंवा पाच पट्ट्यांएवढा केला, तर त्याच्या खाली पांढरा पट्टा येतो, पांढऱ्याला पांढरं चिकटतं आणि चौकोनाची खालची कडच नाहीशी होते. घाईत काढलेल्या चित्रांमध्ये हीच चूक सगळ्यांत जास्त सापडते.

झेंड्याचं नाव 'ग्वेन हा दू'. ब्रेटन भाषेत ग्वेन म्हणजे पांढरा, दू म्हणजे काळा.

मीनल_स

चिन्हं अकराच. चार-तीन-चार. बाकी सगळं चूक.

जुनीपेटी

@मीनल_स, चार-तीन-चार ही मांडणी सर्वांत रुळलेली आहे, हे मान्य. पण 'बाकी चूक' म्हणता येणार नाही, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे.

ते चिन्ह म्हणजे अर्मिन. अर्मिन हा मुंगसापेक्षा लहान, लांबुडका प्राणी. हिवाळ्यात त्याचं अंग पांढरं होतं, शेपटीचं टोक मात्र काळंच राहतं. युरोपात राजेरजवाडे त्या पांढऱ्या कातड्यांचे झगे शिवून घेत आणि प्रत्येक कातड्यावर ते काळं शेपूट टाचत. चिन्हात वर जे तीन ठिपके किंवा तीन पाकळ्या दिसतात ती टाचणी. खाली पसरत जाऊन तीन टोकांत संपतं ते शेपूट.

आता गंमत ही की चिन्हशास्त्रात, म्हणजे घराण्यांच्या ढालींवरच्या खुणांच्या शास्त्रात, अर्मिन हा 'आकार' नाही, ते 'कापड' आहे. ढालीचा पृष्ठभाग अर्मिनचा आहे, एवढंच सांगायचं असतं. छापील साडीवर किती बुट्टे आहेत हे आपण मोजत नाही, तसंच. मध्ययुगीन ढालींवर कडेला अर्धी कापलेली शेपटंही दिसतात, कारण कापड मध्येच कापलं की बुट्टा कापला जाणारच. म्हणून संख्येला अर्थ नाही. अकराच्या आकड्यामागे अकरा संत, अकरा सरदार असलं काही कुणी सांगितलं तर ते नंतर जोडलेलं समजा.

ब्रिटनीत अर्मिन आला कसा, तेही सांगते. १२१३ मध्ये फ्रान्समधल्या द्रो (Dreux) घराण्यातला पिएर मोक्लेर लग्नामुळे ब्रिटनीचा सत्ताधारी झाला. तो धाकट्या पातीचा. घराण्याची ढाल सोनेरी-निळ्या चौकटींची, आणि धाकटेपणाची खूण म्हणून तिच्या कोपऱ्यात अर्मिनचा तुकडा. पुढे १३१६ मध्ये ड्यूक तिसरा जाँ याने चौकटी काढून टाकल्या आणि अख्खी ढालच अर्मिनची केली. धाकटेपणाची खूणच घराण्याची मुख्य ओळख झाली. आजच्या झेंड्याच्या कोपऱ्यात अर्मिन पुन्हा बसला आहे, हे पाहून मला दर वेळी बरं वाटतं.

तिरपीरेघ

म्हणजे हा झेंडा सातशे वर्षं जुना म्हणायचा.

जुनीपेटी

नाही, अर्मिन तेवढा जुना. झेंडा १९२३ चा. मोर्व्हाँ मार्शाल नावाच्या वास्तुरचनाकाराने तो आखला. तो ब्रेटन स्वायत्ततेच्या चळवळीतला होता. जुन्या काळी ब्रिटनीच्या जहाजांवर वेगळा झेंडा असे, पांढऱ्यावर काळा क्रूस. त्याला 'क्रोआझ दू' म्हणतात. समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलचा याच्या बरोबर उलटा आहे, काळ्यावर पांढरा क्रूस. तक्त्यावर 'मध्ययुगीन' म्हणून काही दाखवायचं असेल, तर क्रोआझ दू दाखवा, ग्वेन हा दू नको.

कोरा_कागद

पट्टे आणि कोपऱ्यात चौकोन... मांडणी अमेरिकेसारखी आहे की.

काठीकडचा

बरोबर पकडलंत. मांडणी त्या घाटाचीच आहे. शिवाय ब्रिटनीची राजधानी रेन हिच्या ढालीवर काळे-पांढरे उभे पट्टे आणि वरच्या भागात अर्मिन आहे, त्याचाही धागा जोडला जातो.

पट्ट्यांचा अर्थ मात्र अगदी स्थानिक. ब्रिटनीत क्रांतीपूर्वी नऊ बिशपांचे प्रांत होते. पूर्वेकडचे पाच काळे: रेन, नान्त, दोल, सँ-मालो, सँ-ब्रिय. पश्चिमेकडचे चार पांढरे: लेओं, कोर्नुआय, त्रेगिए, व्हान. पूर्वेत गालो ही फ्रेंचजवळची बोली, पश्चिमेत ब्रेटन, अशी ती विभागणी.

बोलीभाषा

इथे एक सुधारणा हवी. 'चार पांढरे म्हणजे ब्रेटन बोलणारे' असं तक्त्यावर लिहाल तर अर्धवट होईल. ही झेंडा आखणाऱ्याची विभागणी आहे, भाषेचा नकाशा नाही. भाषेची सीमारेषा सँ-ब्रिय आणि व्हान या दोन्ही प्रांतांच्या मधून जात होती, आणि शतकागणिक ती पश्चिमेकडे सरकत गेली. 'पूर्व ब्रिटनीचे पाच आणि पश्चिम ब्रिटनीचे चार जुने धर्मप्रांत' एवढं लिहा, ते पक्कं आहे.

शाईपेन

फार छान. धर्मप्रांतांचं वाक्य असंच घेते. आता शिवणाचं कुणी सांगेल का? ९० सेंमी उंची पक्की आहे, लांबी काय ठेवू?

सुईदोरा

९० चांगला आकडा निवडलात, नऊ पट्टे म्हणजे प्रत्येकी बरोबर १० सेंमी. लांबी १३५ ठेवा, म्हणजे दोनास तीन हे प्रमाण होईल. चौकोनाची उंची चार पट्टे, म्हणजे ४०. त्याची रुंदी कुणी बांधून दिलेली नाही. माझा सल्ला ६० सेंमी. मग चौकोनही दोनास तीन होतो आणि डोळ्याला झेंड्याच्याच घाटाचा वाटतो.

कापड: न ताणणारं, विणीचं पॉलिएस्टर. होजिअरीसारखं जाळीदार कापड बाजारातल्या छापील झेंड्यांना ठीक, त्याचं वजन साधारण ११० ते ११५ ग्रॅम प्रति चौरस मीटर असतं. पण पट्ट्या कापून जोडायच्या असतील तर ते आडवं ताणलं जातं आणि नऊ शिवणींनंतर झेंड्याला लाटा येतात. सुती वापराल तर काळं कापड आधी दोन-तीनदा गार पाण्यातून काढा. पहिल्याच पावसात काळा रंग पांढऱ्यावर उतरला की झेंडा करडा झाला म्हणून समजा.

कापणी, कापडाचा पन्हा १५० सेंमी धरून: पट्टी १२ सेंमी रुंद (१० दिसणारे, दोन्हीकडे १-१ शिवणीत). सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची पट्टी १३, कारण तिथे कड दोनदा दुमडायची आहे. लांब पट्ट्या १३९ सेंमीच्या: तीन काळ्या, दोन पांढऱ्या. आखूड पट्ट्या ७९ सेंमीच्या: दोन काळ्या, दोन पांढऱ्या. चौकोन ६२ × ४३. पन्ह्यात एका वेळी एकच पट्टी बसते, म्हणून काळं ६२ सेंमी लागेल आणि पांढरं चौकोनासकट ९१ सेंमी. अर्मिनची ठिगळं वेगळी लागतील, तेव्हा काळं पाऊण मीटर नको, सव्वा मीटर घ्या. पांढरं एक मीटर पुरे.

क्रम चुकवू नका. आधी चार आखूड पट्ट्या एकमेकींना जोडा, त्या गठ्ठ्याला चौकोन जोडा. वेगळ्या पाच लांब पट्ट्या जोडा. मग वरचा भाग आणि खालचा भाग एका लांब शिवणीने. पुष्कळ जण नऊ पट्ट्या पूर्ण लांबीच्या शिवतात आणि वरून पांढरा चौकोन लावतात. ते कधीच करू नये. उन्हात धरलं की चौकोनाच्या मागून काळे पट्टे आरपार दिसतात आणि अर्मिन त्यांत हरवतात.

प्रत्येक शिवणीचा जादा भाग काळ्याच्या बाजूला दाबा आणि वरून दुसरी शिलाई मारा. पांढऱ्याच्या बाजूला दाबलात तर आतली काळी कड करड्या रेषेसारखी झळकते.

मीनल_स

@सुईदोरा काकू, अर्मिन दोन्ही बाजूंनी दिसायला ठिगळं बावीस करायची का?

सुईदोरा

नको, अकराच. काळ्या कापडाचे १० × १३ सेंमीचे अकरा तुकडे. तुकडा पांढऱ्यावर ठेवून त्यावर अर्मिनची बाह्यरेषा दाट झिगझॅग टाक्याने शिवा. मग बारीक कात्रीने रेषेबाहेरचं काळं कापून टाका. आता झेंडा उलटा करा आणि रेषेच्या *आतलं* पांढरं कापून टाका. काळं दोन्ही बाजूंनी दिसेल, आणि कापड एकाच थराचं राहिल्याने कोपरा जड होऊन लोंबणार नाही. हे सगळं चौकोन सुटा असतानाच करा, पट्ट्या जोडल्यावर मशिनखाली एवढा पसारा फिरत नाही.

एका अर्मिनचा आकार साधारण ६ रुंद, ९ उंच. याहून मोठा केला तर ओळी एकमेकींत घुसतात.

रांगोळी_११

मांडणीचं गणित मी देते, कारण ही आपली ठिपक्यांची रांगोळीच आहे, चार-तीन-चार, मधली ओळ अर्ध्या घराने सरकवलेली.

चौकोन ६० × ४०. वरची आणि खालची ओळ: डाव्या कडेपासून मध्यबिंदू ७.५, २२.५, ३७.५, ५२.५ वर. मधली ओळ: १५, ३०, ४५ वर. वरून खाली ओळींचे मध्य ६.७, २०, ३३.३ वर. खडूने ठिपके द्या, मग प्रत्येक ठिपक्यावर अर्मिनच्या उंचीचा मध्य ठेवा, टाचणीचा नाही. टाचणी ठिपक्यावर ठेवली तर सगळी ओळ खाली उतरते आणि खालच्या ओळीची शेपटं शिवणीत जातात.

काठीकडचा

वा! हे कुठल्याच झेंड्यांच्या पुस्तकात इतकं सोपं मिळणार नाही.

एक भर: झेंडा सगळ्यांत आधी फाटतो तो काठीपासून दूरच्या, फडकणाऱ्या कडेला. तिथली दुमड ३ सेंमीची ठेवून चार ओळी शिलाई घाला. सुईदोरांनी ती ३ सेंमी लांबीत धरलेलीच आहेत. आणि काठीकडे निवारीसारखी जाड पट्टी दुमडून लावा, म्हणजे दोरीच्या कड्यांचा ताण पातळ कापडावर येणार नाही.

पडदा_आणि_शाई

छपाई आणि पडद्याचं माझ्याकडे.

छापील तक्त्यात अर्मिनला फक्त काळी शाई वापरा, १०० टक्के. चार शायांचा 'गडद काळा' मोठ्या पट्ट्यांना शोभतो, पण अर्मिनच्या बारीक टोकांवर शाया केसभर जरी सरकल्या तरी कडेला निळी-गुलाबी झालर येते. झेंड्याची कड पांढऱ्या कागदावर कळत नाही, कारण चार पट्टे पांढरे आहेत, तेव्हा बाहेरून बारीक करडी चौकट द्या.

पडद्यावर इवलंसं चित्र हवं असेल तर १६ पिक्सेल उंचीचं करू नका. नऊ पट्टे सोळात बसत नाहीत, एकेक पट्टा पावणेदोन पिक्सेलचा होतो आणि सगळं धुरकट दिसतं. उंची १८ घ्या, लांबी २७, पट्टा बरोबर २ पिक्सेल. चौकोन १२ × ८. एवढ्यात अकरा अर्मिन मावत नाहीत, तीन-दोन-तीन असे ठिपके द्या. संख्येला अर्थ नाही हे वर जुनीपेटींनी सांगितलंच आहे, तेव्हा मन खाऊ देऊ नका. ३६ × ५४ पासून पुढे अकरा नीट बसतात.

तिरपीरेघ

इमोजी वापरता येईल ना? इंग्लंड, स्कॉटलंडचे आहेत तसा.

पडदा_आणि_शाई

नाही. तंत्रात वाट आहे: काळ्या झेंड्याचं चिन्ह, त्यापुढे एफ-आर-बी-आर-ई ही पाच अदृश्य टॅग अक्षरं (प्रदेशाचा आंतरराष्ट्रीय कोड) आणि शेवटी टॅग संपल्याची खूण. पण युनिकोड या अक्षरं आणि इमोजी ठरवणाऱ्या संस्थेच्या शिफारशीच्या यादीत अशा प्रकारचे तीनच झेंडे आहेत, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. बाकी कुठल्या प्रदेशाची अक्षरं टाकलीत तरी बहुतेक फोनवर नुसता काळा झेंडा दिसेल. आणि २०२२ मध्ये युनिकोडने झेंड्यांच्या इमोजीचे नवे प्रस्ताव घेणंच थांबवलं. ब्रेटन लोकांनी त्यासाठी मोठी मोहीम चालवली होती. डॉट-बीझेडएच हे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी येणारं नाव (डॉट-कॉमसारखं) मात्र त्यांना २०१४ पासून मिळालं आहे. तुम्ही चित्रच वापरा.

कलम_दोन

आता 'अधिकृत' या शब्दाकडे येऊ. शाईपेन यांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला आहे.

फ्रान्सच्या १९५८ च्या राज्यघटनेतलं कलम दोन एकच झेंडा ओळखतं, निळा-पांढरा-लाल. प्रदेश, विभाग आणि गावं यांच्या झेंड्यांचा नमुना ठरवून देणारा राष्ट्रीय कायदा नाही. म्हणून ग्वेन हा दूचं माप, अर्मिनची संख्या, चौकोनाची रुंदी यांचं सरकारी परिपत्रक सापडणार नाही. आपल्या तिरंग्याच्या ध्वजसंहितेची सवय असल्याने आपण तेच शोधत राहतो.

पण मनाई आहे का? तीही नाही. ब्रिटनीत नगरपालिकांवर हा झेंडा सर्रास असतो. पाळायचं ते एवढंच: राष्ट्रध्वजाला मानाची जागा. दोनच झेंडे असतील तर समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला तिरंगी, तीन असतील तर मधला तिरंगी.

खरी मर्यादा तटस्थतेची. सरकारी इमारतीवर राजकीय, धार्मिक किंवा तात्त्विक मागणीचं प्रतीक लावता येत नाही. हा निकाल फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, कोंसेय देता याने, २७ जुलै २००५ रोजी दिला. प्रकरण ब्रिटनीचं नव्हतं, कॅरिबियन समुद्रातल्या, फ्रान्सच्याच मार्टिनिक बेटावरच्या सँत-आन गावाचं होतं. तिथल्या नगरपालिकेवर १९९५ पासून लाल-हिरवा-काळा झेंडा लावलेला होता. तो स्वातंत्र्यवाद्यांच्या मागणीचं प्रतीक ठरला.

जुनीपेटी

@कलम_दोन, मार्टिनिकचं पुढचंही लिहा ना. स्थानिक संस्थेने झेंडा निवडताना कुठे ठेच लागते ते त्यातून नीट कळतं.

कलम_दोन

लिहितो. मार्टिनिकचा म्हणून वर्षानुवर्षं एक झेंडा दाखवला जात होता: निळ्यावर पांढरा क्रूस आणि चार खणांत चार पांढरे साप. तो ४ ऑगस्ट १७६६ च्या राजाज्ञेतून आलेला, मार्टिनिक आणि सेंट लुशिया या वसाहतींच्या जहाजांसाठी. म्हणजे गुलामांच्या व्यापाराच्या काळातला. बेटावरच्या लोकांना तो नकोसा होता, आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी तिथल्या जाँदार्मच्या (लष्करी शिस्तीच्या पोलिसांच्या) गणवेशावरून ते सापांचं चिन्ह काढायला लावलं.

दरम्यान २०१६ पासून तिथे विभाग आणि प्रदेश एकत्र होऊन एकच संस्था झाली होती. तिने स्पर्धा घेऊन २०१९ मध्ये शंखाचा झेंडा निवडला. पण तो जाहीर केला कार्यकारी परिषदेच्या अध्यक्षांनी. १५ नोव्हेंबर २०२१ ला प्रशासकीय न्यायालयाने निर्णय रद्द केला. झेंडा वाईट म्हणून नव्हे, अधिकार निवडून आलेल्या सभेचा होता म्हणून. पुन्हा ऑनलाइन मतदान झालं, त्यात हमिंगबर्डचं चित्र जिंकलं. त्यातल्या पक्ष्याच्या मूळ चित्रावरून वाद झाला आणि ते मागे घेतलं गेलं. शेवटी २ फेब्रुवारी २०२३ ला सभेने मत घेऊन लाल-हिरवा-काळा झेंडा स्वीकारला, क्रीडा आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी. काठीकडे लाल त्रिकोण, वर हिरवा, खाली काळा.

२००५ मध्ये जो एका गावाच्या इमारतीवर चालला नाही, तोच अठरा वर्षांनी सभेच्या ठरावाने बेटाचा झाला. कापड तेच, ठराव करणारी संस्था आणि वापराची जागा बदलली.

कोरा_कागद

अवांतर: आपल्याकडेही राज्यांना स्वतःचा झेंडा नाही. महाराष्ट्राला राजमुद्रा आहे, झेंडा नाही. कर्नाटकाने २०१८ मध्ये पिवळा-पांढरा-लाल नमुना मंजूर करून केंद्राकडे पाठवला होता. लोक मात्र जुना लाल-पिवळाच लावतात. लोकांनी आधी लावायचा आणि कागद मागाहून, हे तिकडेही तसंच दिसतं.

बोलीभाषा

+१. २००९ चा फ्रेंच फुटबॉल चषकाचा अंतिम सामना आठवा. रेन विरुद्ध गँगां, दोन्ही संघ ब्रिटनीचे. पॅरिसजवळच्या मैदानावर दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांकडे एकच झेंडा होता. गँगां दोन-एकने जिंकलं. ब्रिटनी तर कशीही जिंकणारच होती!

लोगोवाला

तिसरा प्रश्न, लोगो. इथे लोक फार गोंधळतात, म्हणून जरा ताणून लिहितो.

'ब्रिटनीचं सरकार' असं एकच काही नाही. रेनमध्ये दोन वेगळी दारं आहेत. एक प्रादेशिक परिषद, लोकांनी निवडलेली. दुसरं प्रीफेक्चर, म्हणजे पॅरिसच्या सरकारचा प्रतिनिधी. प्रीफेक्चरच्या कागदावर मारियानचा, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा, चेहरा आणि तिरंगी रेघ असते. ते चिन्ह १९९९ पासून आहे आणि २०२० मध्ये सगळ्या सरकारी खात्यांसाठी नव्याने एकसारखं केलं गेलं. तिथे स्थानिक काही नसतं, प्रदेशाचं नाव तेवढं. प्रादेशिक परिषदेचा लोगो तिचा स्वतःचा. त्याखेरीज प्रदेशाखालच्या विभागांच्या परिषदांचे आपापले लोगो: फिनिस्तेर, मोर्बिआँ, इल-ए-व्हिलेन, कोत-दार्मोर. भर म्हणून २०११ पासून 'ब्रतान्य' नावाची एक सामायिक ओळख आहे, ती प्रदेशातल्या संस्था आणि उद्योग सदस्य होऊन वापरतात.

एवढे लोगो आले कुठून? १९८२ च्या विकेंद्रीकरणाच्या कायद्याने विभागांचा कारभार प्रीफेक्टकडून निवडून आलेल्या अध्यक्षाकडे गेला, आणि १९८६ मध्ये प्रादेशिक परिषदा पहिल्यांदा थेट निवडून आल्या. 'हा रस्ता, ही शाळा, ही आगगाडी आमच्या पैशाची' हे दिसायला हवं होतं. जुन्या ढाली फलकावर लांबून वाचता येत नाहीत. म्हणून लोगो. पण लोगो निवडणुकांबरोबर, जाहिरातसंस्थांबरोबर बदलतात. झेंडा बदलत नाही.

कामाचा मुद्दा: लोगोवर परिषदेचा हक्क असतो. तो लावला म्हणजे परिषदेने तुमच्या प्रदर्शनाला पाठिंबा दिला असा अर्थ निघतो, त्यामुळे परवानगी लागते. झेंडा सगळ्यांचा, खुशाल लावा. आणि विकिपीडियावर फ्रेंच विभागांच्या नावापुढे दिसणाऱ्या सुंदर ढाली पाहून भुलू नका. त्यांतल्या पुष्कळ रोबेर लुई या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या मध्यात सुचवलेल्या आहेत, आणि विभाग स्वतः त्या वापरतातच असं नाही.

सुईदोरा

लोगोचा झेंडा शिवणाऱ्यांनाही नकोच असतो. एका थराच्या कापडावर छापला की मागून अक्षरं उलटी. मग दोन थर आणि मध्ये अस्तर, वजन दुप्पट, वाऱ्यावर फडकत नाही. अर्मिन डावी-उजवीकडून सारखा, म्हणून ग्वेन हा दू मागूनही बिनचूक दिसतो. ज्याने आखला त्याने याचा विचार केला असो वा नसो, कापडाला हा झेंडा मानवतो.

तिरपीरेघ

@लोगोवाला, गाडीच्या पाटीवर काय असतं मग?

लोगोवाला

२००९ पासूनच्या पाटीवर उजव्या निळ्या पट्टीत वर प्रदेशाचं चिन्ह, खाली विभागाचा आकडा. आकडा मालकाने निवडायचा, राहण्याच्या जागेशी त्याचा संबंध नाही. मात्र चिन्ह आणि आकडा यांची जोडी ठरलेली. ४४ म्हणजे ल्वार-अतलान्तिक, नान्त ज्यात आहे तो विभाग, आणि तो पेई द ला ल्वार या शेजारच्या प्रदेशात मोडतो, म्हणून त्याला त्या प्रदेशाचं चिन्ह. नान्तमधले पुष्कळ जण त्यावर अर्मिनचा स्टिकर चिकटवतात. पाटीवर असं काही चिकटवणं नियमात बसत नाही, दंड होतो. तरी चिकटवतात.

जुनीपेटी

आणि त्यातच चौथ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नान्त हे ड्यूकांचं शहर, त्यांचा किल्ला आजही तिथे आहे. १७९० मध्ये ब्रिटनीचे पाच विभाग झाले, त्यांत नान्तचा एक. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने प्रदेश आखताना तो विभाग वगळला, आणि १९५० च्या दशकात प्रदेशांची नवी आखणी झाली तेव्हाही तो बाहेरच राहिला. आजच्या प्रशासकीय ब्रिटनीत चारच विभाग. जोडून घेण्याच्या मागणीवर २०१८ मध्ये त्या विभागातल्या एक लाखाहून जास्त मतदारांनी सह्या केल्या.

झेंड्याने मात्र कुणालाच वगळलं नाही. नऊ पट्ट्यांतला एक काळा पट्टा नान्तचा आहे. चारच विभाग धरून तक्ता केलात तर झेंड्याचा अर्थ तुमच्याच नकाशाशी जुळणार नाही.

मीनल_स

अकराचा आग्रह मी सोडला. साडीच्या बुट्ट्यांनी पटवलं.

शाईपेन

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवते आहे, चुकत असेल तर सांगा:

झेंडा ९० × १३५, चौकोन ६० × ४०, अर्मिन चार-तीन-चार. वेबपानावर १८ × २७ चं चित्र. लोगो नाही. तक्त्यावर नकाशात चार विभाग गडद, ल्वार-अतलान्तिक फिकट रेघांचा, आणि शेजारी नऊ धर्मप्रांतांची नावं. मथळा: 'ब्रिटनीचा अधिकृत ध्वज'. खाली ओळ: 'ब्रिटनी सरकार, रेन'.

कलम_दोन

दोन्ही ओळी बदला. मथळ्यातला 'अधिकृत' काढा, नुसतं 'ब्रिटनीचा झेंडा, १९२३' पुरेसं आहे. आणि 'ब्रिटनी सरकार' नको, 'ब्रिटनी प्रादेशिक परिषद, रेन' लिहा.

रांगोळी_११

आणि तक्त्यातला चौकोनही झेंड्याच्याच मापात ठेवा. तुम्ही तक्ता उभा करणार असाल तर झेंडा फिरवून लावू नका. उभा टांगायचाच असेल तर चौकोन पाहणाऱ्याच्या डावीकडे वर राहील असा टांगा, आणि अर्मिन आडवे पडतील ते तसेच राहू द्या.